मागे कोण बसणार?

परवा हिंजवडीतला एक तरुण दुकानात आला. गाडी नवी कोरी, डोंगर चढणारी, टायर माझ्या कमरेएवढे, आणि सबंध अंगावर एक ओरखडा नाही. कधी चिखल लागलाच असेल, तर धुण्याआधी त्याचा फोटो काढून घेतला असणार. "काका, रिअर सस्पेन्शन अपग्रेड करायचंय," तो म्हणाला. "पाटे वाढवा, गाडी मागून जरा उचला, आणि त्या लाल सिस्टर घालून द्या. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी घातल्यात."

मी विचारलं, "मागे कोण बसणार?"

"मागे? मागे कोणी नाही हो. मागे बर्फाचा कूलर असतो."

"आणि सिस्टर म्हणजे काय, ते माहीत आहे?"

"पार्ट आहे ना तो, काका. बंप स्टॉप."

पार्ट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वयाप्रमाणे आता मी गिऱ्हाइकावर ओरडत नाही, नुसता हातातला पाना जरा जोरात खाली ठेवतो. तो मी ठेवला. पोरगा बिचारा दचकला. त्याची काही चूक नव्हती. भवानी पेठेतल्या आमच्या सबंध गल्लीत त्या रबराला सिस्टरच म्हणतात. गाडी खड्ड्यात गेली की मागचं अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आडवा दांडा, वर उसळतं आणि चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, आदळायला बघतं. ते आदळू नये म्हणून मध्ये रबराचा एक गुटका असतो. साधा, आखूड असेल तर तो गुटका. उंच, मऊ, पायऱ्यापायऱ्यांचा असेल तर ती सिस्टर. शेजारचा सुटे भाग विकणारा तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर तसं लिहूनच ठेवतो. पण ती सिस्टर कोण होती, हे सांगायला आता गल्लीत माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

तिचं नाव लेले. लेले सिस्टर.

आमचं घराणं कमानीवाल्यांचं. आजोबा टांग्यांच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या वाकड्या स्प्रिंगा, करायचे. टांगे गेले आणि अब्बांनी ट्रकचे पाटे करायला घेतले. पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचं मागचं सगळं ओझं असतं. अब्बांचं नाव इब्राहिमभाई, आणि त्यांच्यापुढे मोठमोठे ट्रकमालक आवाज खाली करून बोलायचे. नम्रता हा प्रकार अब्बांना ठाऊक नव्हता. "पुण्यात पाटा म्हणजे मी," असं ते स्वतःच सांगायचे. मी तेव्हा विशीतला, त्यांच्या हाताखाली भट्टी सांभाळणारा.

अशा या अब्बांच्या दुकानासमोर एका सकाळी मिलिटरीच्या लिलावात घेतलेला जुना वन-टन ट्रक येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीमागून, सामान चढवतात त्या बाजूने, पांढऱ्या पातळातल्या एक किडकिडीत बाई उतरल्या. ड्रायव्हर किसन पुढून धावत आला, पण तोवर त्या खाली उतरून आमची पाटी वाचत होत्या. हातात काळी छत्री. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, ती छत्री कायम हातात असायची, आणि ती उघडलेली मी फारशी पाहिली नाही. तिचा उपयोग बोट दाखवण्यासाठी.

"येथे सर्व गाड्यांचे पाठे बसवून मिळतील," त्यांनी मोठ्याने वाचलं आणि छत्रीचं टोक 'ठे'वर टेकवलं. "अहो, पाठे नव्हे, पाटे. पाठ आमची असते, पाटा तुमचा. दोन्ही मोडतात. पण तुमचा बदलून मिळतो."

अब्बांच्या पाटीत चूक काढायची हिंमत तोवर कोणी केली नव्हती. मला वाटलं आता भडका उडणार. अब्बांनी पाटी पुन्हा वाचली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेंटर कू बुला रे." पाटी दुरुस्त झाली. गल्लीतल्या बाकीच्या पाट्यांवर अजूनही पाठेच आहेत, याचा अब्बांना पुढे मरेपर्यंत अभिमान होता.

सिस्टर एका खासगी संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात होत्या. पानशेतच्या पलीकडे, जिथे डांबर संपतं तिथून पुढच्या धनगरवाड्यांवर हा ट्रक जायचा. मागे औषधाच्या पेट्या, एक स्ट्रेचर आणि सिस्टर. कोणी फारच आजारी सापडलं तर त्याला स्ट्रेचरवर घालून पुण्याला आणायचं. त्या वाड्यांना खाली उतरायला दुसरं वाहन नव्हतंच. झोळी होती, आणि झोळीला चार खांदे लागतात.

"काय तक्रार?" अब्बांनी विचारलं.

"मागून आदळते."

"तीन पाटे वाढवून देतो, बाई. वर डोंगर ठेवा, बसणार नाही."

"मला डोंगर ठेवायचा नाही. डोंगरावरून माणूस आणायचाय."

अब्बांनी ते ऐकून घेतलं आणि तीन पाटे वाढवलेच. कारण आमच्या धंद्यात दुरुस्ती म्हणजे वाढवणं. गाडी खाली बसली, पाटा वाढवा. गाडी आदळली, पाटा वाढवा. उसाचा ट्रक, कांद्याचा ट्रक, विटांचा ट्रक, सगळ्यांना एकच औषध. आणि रबराचा गुटका झिजला की त्या जागी बाभळीच्या लाकडाचा ठोकायचा, म्हणजे तो पुन्हा झिजायचं नाव काढत नाही. ट्रकमालक खूश, कारण विटा तक्रार करत नाहीत.

पुढच्याच आठवड्यात सिस्टर परत आल्या. आल्या त्या थेट भट्टीपर्यंत. "इब्राहिमभाई, माझ्या गाडीत ऊस नाही," त्या म्हणाल्या, "बाळंतीण आहे. आधी गाडी आदळत होती, आता उडवते. पेशंट स्ट्रेचरवरून वर जातो आणि पुन्हा खाली येतो. हे तुमच्यात दुरुस्त झालं असं म्हणतात का?"

"अहो, नवे पाटे आहेत, जरा बसायला वेळ लागतो. पण चालतंय ना सगळं?"

"चालतंय ते मलाही दिसतंय. बसवतंय का, ते विचारते आहे."

मग त्यांनी जे केलं ते करायला लेले सिस्टरच पाहिजेत. त्यांनी अब्बांना ट्रकमध्ये चढायला सांगितलं आणि स्ट्रेचरकडे छत्री दाखवून म्हणाल्या, "झोपा."

अब्बा. सहा फूट उंच, मेंदी लावलेली दाढी, ज्यांच्यापुढे ट्रकमालक खाली मान घालायचे. दुकानातले सगळे हातातलं काम थांबवून बघायला लागले. अब्बा इकडेतिकडे बघत झोपले. सिस्टरांनी त्यांना पट्टे बांधले, पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला त्यांच्या पोटावर ठेवला आणि किसनला हाक मारली, "मांजरी." मांजरीला तेव्हा उसाच्या बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडलेले कच्चे रस्ते होते, अगदी डोंगरातल्यासारखे. मीही मागे बसून गेलो. पेला पहिल्याच चाकोरीत गेला. अब्बांची टोपी दुसऱ्या चाकोरीत गेली. त्यानंतर ते जे काही पुटपुटत होते, ते लिहिण्यासारखं नाही. सिस्टर शेजारच्या फळीवर ताठ बसून त्यांची नाडी बघत होत्या.

कालव्याच्या कडेला गाडी थांबली. अब्बा उतरले, कालव्याच्या पाण्याने तोंड धुतलं आणि बराच वेळ पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"कसं वाटतंय?" सिस्टरांनी विचारलं.

"बाई," अब्बा म्हणाले, "इतकी वर्षं पाटे घालतोय, पण पाट्यांवर कधी झोपलो नव्हतो." मग माझ्याकडे वळून, "सब निकाल डाल रे. पूरे."

त्यानंतर कित्येक महिने तो ट्रक म्हणजे आमच्या घरचं दुखणं झाला. सिस्टर सुट्टीच्या दिवशी तो घेऊन यायच्या, पालथ्या घातलेल्या लाकडी खोक्यावर बसायच्या आणि पिशवीतून स्वतःचा कप काढायच्या. आमचा चहा चालायचा, आमचा कप नाही. "तुमच्या कपांना ग्रीस लागलेलं असतं," त्या सांगायच्या, आणि ते खरंच लागलेलं असायचं. ईदला मात्र घरी यायच्या. शीरखुर्म्याची वाटी संपवून अम्मीला दरवर्षी एकच वाक्य ऐकवायच्या, "साखर जास्त झालीय," आणि वाटी पुन्हा पुढे करायच्या. अम्मी त्या दिवशी मुद्दाम साखर जास्त घालायची, असा माझा संशय आहे.

अब्बांनी जाड, आखूड पाटे काढून पातळ आणि लांब घातले, थोडेच. पाट्यापाट्यांमध्ये चामड्याच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे ते एकमेकांवर घासताना अडखळू नयेत. गाडी मऊ झाली. पण मऊ गाडीचं एक असतं. नाला लागला की ती जास्त खाली बसते आणि मग गुटक्यावर आदळतेच. बाभळीचं लाकूड तर अब्बांनी चुलीत घातलं होतं. नेहमीचं रबर घातलं, ते कडक निघालं. मऊ घातलं, ते चेपून फाटलं. एकदा सिस्टर तावातावाने म्हणाल्या, "इब्राहिमभाई, पेशंट पडायला लागला तर आम्ही त्याला आधी हात देतो, मग दंड धरतो, मग कमरेला विळखा घालतो. भिंतीसारखे आडवे नाही उभे राहत. तुमच्या रबराला हे कळत नाही का?"

अब्बांना ते पटलं. भोसरीच्या एका रबरवाल्याकडून त्यांनी साचा करून घेतला. वर निमुळता, खाली रुंद, मध्ये पायऱ्या. अ‍ॅक्सलला तो लवकर हात लावायचा आणि हळूहळू धरत जायचा. या वेळी स्ट्रेचरवर सिस्टर स्वतः झोपल्या. मांजरीहून परत आल्या तेव्हा पेल्यातलं निम्मं पाणी शिल्लक होतं. उरलेलं त्या तिथेच पिऊन टाकून म्हणाल्या, "ठीक आहे." सिस्टर मूळच्या सदाशिव पेठेतल्या. तिथल्या माणसाने ठीक आहे म्हटलं, म्हणजे ढोलताशे लावायला हरकत नव्हती.

दुकानातल्या कारागिरांनी त्या रबराला सिस्टर म्हणायला कधी सुरुवात केली ते नक्की आठवत नाही. इतकं आठवतं की एकदा बाई खोक्यावर बसलेल्या असताना दुसऱ्या गाडीखालून कोणीतरी ओरडलं, "उस्ताद, याची सिस्टर फाटलीय, दुसरी द्या!" सगळे दगड झाले. अब्बांनी दाढीत तोंड लपवलं. सिस्टरांनी चहाचा घोट संपवला आणि गाडीखाली वाकून म्हणाल्या, "अजून फाटली नाहीये. काम कर."

येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'मागे कोण बसणार' हे विचारायची सवयही त्यांचीच. जीपवाला येवो, टेम्पोवाला येवो, खोक्यावरून छत्री उचलून त्या विचारायच्या. मालक नेहमी पुढे बसतो, पुढे बसूनच गाडी कशी आहे ते ठरवतो, आणि मागे बसणाऱ्याला कोणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः त्या ट्रकमध्ये कधीही पुढे बसल्या नाहीत. पेशंट नसला तरी मागेच. किसन आम्हाला सांगायचा, "बाई लई कडक हाय, पर गाडी तिला मऊ लागती."

काही वर्षं सगळं नीट चाललं. मग संस्थेवर नवे कार्यवाह आले. त्यांचं नाव मी घेत नाही, ते घ्यायला माझी जीभ वळत नाही. गृहस्थ दिसायला सज्जन. इस्त्रीचा झब्बा, बोलणं मऊ. त्यांनी एकदा ट्रक मागून पाहिला आणि त्यांना तो बसलेला दिसला. देणगीदारांना दाखवायला गाडी आणायची होती, आणि ती बसलेली कशी चालेल? ताठ दिसायला हवी. आम्हाला न विचारता, सिस्टरांना न विचारता, त्यांनी ट्रक दुसरीकडे पाठवला. रंग झाला. दोन्ही बाजूंना देणगीदारांच्या नावाचे फलक लागले. पातळ पाटे काढून जाड घातले, आणि आमच्या त्या पायऱ्यांच्या रबराच्या जागी काय घातलं असेल? बाभळीचं लाकूड. टिकाऊ.

सिस्टर त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, गाडीचं आम्ही बघतो. तुम्ही पेशंट बघा."

"पेशंट गाडीतच असतो," सिस्टर म्हणाल्या. पण ते फोनवर बोलायला लागले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाळू ढेबे हिरड्याच्या झाडावरून पडला. पंचविशीचा गडी, हिरडे झोडपायला चढला होता, फांदी मोडली. सिस्टर वाडीवर होत्या. त्यांनी त्याला हलू दिलं नाही, फळीवर घेतलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पोती लावली, पट्टे बांधले. चढवण्याआधी त्याचे पाय उघडे करून म्हणाल्या, "बाळू, बोटं हलव." बाळूने हलवली. दोन्ही पायांची. किसनने पाहिली, बाळूच्या आईने पाहिली.

किसनने गाडी बैलगाडीच्या चालीने आणली. पण वाटेत नाला होता, आणि नाल्याला काही दुसरी वाट नव्हती. मागचं चाक उतरलं आणि धाडकन आवाज झाला. किसन म्हणायचा, "आवाज असा, की मला वाटलं गाडीच मोडली." गाडीला काहीच झालं नव्हतं. टिकाऊ काम ते. आतून बाळूचा आवाज आला, अगदी साधा, "बाई, माझं पाय कुठं हायेत?"

पुण्याला आणला तेव्हा त्याची बोटं हलत नव्हती. पुढे ती कधीच हलली नाहीत.

मी चिडखोर माणूस आहे, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर जे झालं ते ऐकून गाईलाही शिंगं उगारावीशी वाटतील. संस्थेने चौकशी लावली. कार्यालयात मोठं टेबल, भिंतीवर देणगीदारांचे फोटो. अब्बांना आणि मला बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, लाकूड कोणी घातलं ते विचारतील. त्यांनी विचारलं, पूर्वी गाडी मऊ का केलीत? कार्यवाहांचं म्हणणं असं, की आम्ही केलेल्या छेडछाडीने चासीच कमकुवत झाली असावी, शिवाय तिकडचे रस्ते वाईट, शिवाय पेशंट आधीच लुळा पडलेला असणार. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि वर चोर सोडून संन्याशाला फाशी.

"सिस्टर," ते मऊ आवाजात म्हणाले, "माणूस एवढ्या उंचावरून पडला. त्याचे पाय तेव्हाच गेले असणार. तुम्ही घाईत होता. तुम्हाला भास झाला असेल. एवढं फक्त म्हणा. संस्थेवर बोट यायला नको. नाहीतर ही फेरीच बंद करावी लागेल, आणि मग त्या वाड्यांचं काय, त्याचा विचार करा."

म्हणजे बघा. ज्या लोकांसाठी त्या बाईने आयुष्य ट्रकच्या मागच्या फळीवर काढलं, त्यांनाच तिच्यापुढे आडवं घातलं. खोटं बोल, नाहीतर तुझ्या वाड्या उघड्या पडतील. मला उठून टेबल उलटं करावंसं वाटलं. अब्बांनी माझा गुडघा दाबून धरला होता.

सिस्टर म्हणाल्या, "बोटं हलत होती."

"अहो, पण..."

"मी बघितली. बोटं हलत होती. लाकडाचा गुटका कोणी घातला?"

"ते तांत्रिक आहे. त्यात आपण पडायला नको."

"मग पडू नका, झोपा," सिस्टर म्हणाल्या. "ट्रक खाली उभा आहे. मांजरीच्या रस्त्याला चला. आधी आहे तशा गाडीत झोपा, मग इब्राहिमभाई त्यांचे पाटे घालतील, तशा गाडीत झोपा. परत येऊन या टेबलाशी तुम्ही सांगाल ते मी म्हणेन."

कार्यवाह जरा हसले. "मला शक्य नाही हो सिस्टर. माझी पाठ दुखते. डॉक्टरांनी धक्के वर्ज्य सांगितलेत."

खोलीत सात-आठ शहाणीसुरती माणसं होती. एकानेही मान वर केली नाही. एकालाही वाटलं नाही की या वाक्यानंतर चौकशी संपली. मला त्या कार्यवाहांपेक्षा त्या खाली घातलेल्या मानांचा राग आजही जास्त येतो.

सिस्टरांना काढून टाकलं नाही. पुण्यात तसं करत नाहीत. त्यांचा सत्कार केला. वयोमानाप्रमाणे त्यांना विश्रांती द्यायचं ठरलं, आणि शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं. कार्यवाहांनी भाषणात त्यांना सेवेची मूर्ती म्हटलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर सिस्टर उठल्या, ध्वनिक्षेपक छत्रीने बाजूला केला, म्हणाल्या, "बोटं हलत होती," आणि खाली बसल्या. लोकांना कळलं नाही, काहींनी टाळ्या वाजवल्या. शाल त्याच आठवड्यात बाळूच्या अंगावर गेली. नारळ किसनने फोडला.

फेरी व्हायची ती बंद झालीच. ट्रक विकला गेला. त्या जागी एक चकचकीत गाडी आली, आत पंखा, बाहेर आणखी मोठे फलक. ती डांबर संपतं तिथे उभी राहायची आणि पेशंटने तिथवर चालत यावं अशी अपेक्षा करायची.

सिस्टर मात्र एसटीने जात राहिल्या. एसटी जाते तिथवर एसटीने, पुढे पायी. एकदा त्या रिक्षात चाकांची एक खुर्ची कोंबून दुकानात आल्या. बाळूसाठी मिळवली होती. "दगडावरून जाताना त्याला दणके बसतात. त्याला कळत नाहीत, पण जखमा होतात. हिला पाटे घाला आणि सिस्टर बसवा." त्या शब्दावर त्या अजिबात अडखळल्या नाहीत. मी म्हटलं, हो, करतो. त्यांनी छत्री खुर्चीकडे केली, "बस."

"मी?"

"मागे कोण बसणार, ते सगळ्या जगाला विचारतोस ना? बस."

सबंध भवानी पेठेदेखत त्या बाईने मला त्या खुर्चीतून गटाराच्या झाकणांवरून ढकलत नेलं. पानवाला हसला, मशिदीसमोरचे म्हातारे हसले. मी परत आलो तो थेट कामाला लागलो. अब्बा तेव्हा थकले होते, तरी खुर्चीचे बोटभर रुंदीचे पाटे त्यांनी स्वतः भट्टीत धरले. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. बाळूची खुर्ची अजून चालते, तिची रबरं मी अजून बदलून देतो.

पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत सिस्टर एकट्या राहायच्या. म्हातारपण आलं, पण छत्री तीच. गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या बाईंचा मला फोन आला. सिस्टर न्हाणीघरात घसरल्या होत्या, आणि माझं नाव सांगत होत्या. मी पोचलो तोवर रुग्णवाहिका आली होती. खुबा मोडला असावा. चेहरा पांढराफटक, पण आवाज खणखणीत. स्ट्रेचर उचलणाऱ्या दोघांना त्या कसं उचलायचं ते शिकवत होत्या.

दार लावताना त्यातला एक मला म्हणाला, "काका, तुम्ही पुढे बसा. मागे दणके बसतात."

मी म्हटलं, "माहीत आहे," आणि मागे चढलो.

सिंहगड रस्त्याला लागलो. पुण्यात रस्त्यापेक्षा गतिरोधक जास्त, आणि ते कुठल्या शत्रूने बांधले देव जाणे. पहिला आला. गाडीचं मागचं सगळं अंग वर गेलं आणि धाडकन खाली आलं. सिस्टरांनी ओठ आवळले. मी ड्रायव्हरच्या खिडकीवर मूठ आपटली, ओरडलो, हळू घे. तो म्हणाला, हळूच घेतोय की काका. तो खरंच हळू घेत होता. इतकी वर्षं झाली, डोंगर चढायला शंभर प्रकारच्या गाड्या निघाल्या, कूलरला धक्का लागू नये म्हणून लोक माझ्याकडे रांग लावतात, आणि मोडलेलं माणूस न्यायच्या गाडीला अजून तेच. दुसरा गतिरोधक आला. तेच.

सिस्टरांनी डोळे मिटलेले होते. मिटूनच म्हणाल्या, "यूसुफ, लाकूड घातलंय रे यात."

"हो सिस्टर."

"आवाजावरून कळतं."

"बोलू नका, सिस्टर. आलंच हॉस्पिटल." हॉस्पिटल आलेलं नव्हतं. तिथून त्या परत घरी येणार नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना बहुतेक होतं.

पुढचा गतिरोधक दिसत होता. त्यांनी हात लांब करून माझी बाही पकडली आणि मान पायांकडे केली. चादर सरकून पाय उघडे पडले होते. सुरकुतलेले, डोंगरवाटांनी भेगाळलेले.

"बोटं बघ," त्या म्हणाल्या. "नीट बघून ठेव. उद्या कोणी विचारलं, तर सांगता यायला हवं."

मी बघितली. हलत होती.